दहावं मशीन

गेल्या मंगळवारी सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं एका शेडमध्ये हिशेबाच्या वह्या बघायला गेलो होतो. अक्कांचं शाळेचे गणवेश शिवायचं काम चालतं तिथं. नऊ मशिनं खडखडत होती आणि दहावं कोपऱ्यात गप्प, अंगावर चादर पांघरून. चादर अर्थात सोलापुरीच.

"अक्का, हे बिघडलंय का?"

"बिघडलं कशाला सर, नवंच की. दिवाळीत घेतलं."

"मग? बाई मिळेना का चालवायला?"

"बाया चार येऊन गेल्या विचारायला. तुमीच म्हणलाव ना, दहावा माणूस घेतला की ते विम्याचं लागतंय म्हणून."

खरं आहे, मीच म्हणालो होतो. गेली बावीस वर्षं मी पूर्व भागातल्या लहान कारखानदारांचे हिशेब लिहितो, रिटर्न भरतो, नोंदण्या काढून देतो. सल्ला देणं हे माझं काम. त्या दिवशी मात्र त्या चादरीकडं बघून वाटलं, हा सल्ला मी बावीस वर्षांत किती जणांना दिला असेल? तेवढी मशिनं झाकून ठेवण्यात माझा हात आहे. धंदा वाढण्यातले असे अडथळे देशाचं उत्पन्न कसं अडवतात, ते सांगायचंय. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय मला बोलता येत नाही. दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागतो. समजा बायांचा पगार सरासरी दहा हजार. दहा जणींचा झाला एक लाख. मालकाचा हिस्सा सव्वातीन टक्के, म्हणजे 3,250 रुपये. बायांचा पाऊण टक्का, म्हणजे 750. बदल्यात दवाखाना, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचे पैसे. सौदा वाईट नाही, उलट चांगलाच आहे. पण दहावी बाई आली की तो हिस्सा एकट्या दहावीचा लागत नाही, दहाही जणींचा लागतो. आणि एकदा लागला की पुढं मंदीत माणसं सातवर आली तरी सुटत नाही. म्हणजे अक्कांच्या वहीत दहाव्या बाईची किंमत काय? तिचा पगार, वर 3,250, वर दर महिन्याचं चलन, वर रजिस्टरं, वर ती रजिस्टरं नीट ठेवली नाहीत तर काय होईल ही धास्ती. धास्तीचा रकाना माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. अक्कांच्या डोक्यात तोच सगळ्यात मोठा आहे.

आता तुम्ही म्हणाल, एका मशीनवर एवढी मोठी पोस्ट? देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी याचा काय संबंध?

माझी अम्मा चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटाला सुताचा धागा. सकाळी अंधारात बसली की रात्रीपर्यंत हजार. त्यातून छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, जायची ती वेगळी. अम्मा 1975 साली दिवसाला हजार विड्या वळायची आणि आज आमच्या गल्लीत जी पोरगी बसते तीही हजारच वळते. पन्नास वर्षांत त्या कामात एका विडीची भर नाही, कारण तिथं हातापलीकडं काही नाहीच. हीच बाई शिलाई मशीनवर बसली, शेजारी कापड कापायला कटिंग मशीन असलं, कुणीतरी माप नीट लावून दिलं, की तेच आठ तास आणि तेच हात दिवसाला कितीतरी जास्त किमतीचा माल बाहेर काढतात. कष्ट तेवढेच. किंबहुना थोडे कमीच, पाठीला तरी. अर्थशास्त्रातली उत्पादकता म्हणतात ती मला अशीच समजली. आणि देशाचं उत्पन्न म्हणजे शेवटी अशा कोट्यवधी हातांच्या दिवसभराच्या कामाची बेरीजच. बाई सुपावरून मशीनवर गेली की बेरीज वाढते. दहावं मशीन झाकलेलं राहिलं की एक बाई सुपावरच राहते.

धंद्याला अडथळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धंदा सुरू करणारा माणूस येतो. मला तो आता दुय्यम वाटतो. सोलापुरात धंदे सुरू होतात हो, गल्लीगल्लीत होतात. ते वाढत नाहीत. एका शेडमध्ये तीन पाट्या बघितल्यात का कधी? एक मालकाच्या नावाची, एक बायकोच्या, एक धाकट्या भावाच्या. मशिनं एका रांगेत, वायरिंग एकच, चहावालाही एकच. कागदावर तीन उद्योग, प्रत्येक दहाच्या आत. त्यातल्या बऱ्याच पाट्या मी स्वतः कागदावर लावून दिल्यात. कागदोपत्री बसतं ते सगळं, शेड आणि कारभार एकच दिसला तर विमा खातं तिन्ही एकच धरू शकतं तो भाग वेगळा. पण तिन्ही मिळून जी एक ऑर्डर घेता आली असती, ती तिघांनाही वेगवेगळी घेता येत नाही. मोठ्या शाळांच्या संस्थेला एका ठिकाणाहून वीस हजार गणवेश हवे असतात. बँकेला एक दमदार ताळेबंद हवा असतो. कटिंगचं मोठं मशीन चार टेबलांच्या कामावर परवडत नाही.

केंद्र सरकारच्या 2018-19 च्या आर्थिक पाहणी अहवालात यांना सरळ 'बुटके' म्हटलंय. दहा वर्षांहून जुने, तरीही शंभराच्या आत कामगार असलेले उद्योग. संघटित कारखानदारीत संख्येनं हे निम्मे. रोजगारात वाटा 14 टक्के आणि उत्पादकतेत फक्त 8. शब्द मला आवडला नाही. बुटका जन्मतः असतो, आमचे उद्योग छाटून बुटके ठेवलेत, कुंडीतल्या वडासारखे. पण आकडा खोटा नाही. चँग-ताई शेह आणि पीटर क्लेनो या दोन अर्थतज्ज्ञांनी असं दाखवलंय की अमेरिकेतला चाळीस वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं कामाला ठेवतो. भारतातला टिकलेला कारखाना तेवढ्याच काळात जेमतेम दुप्पट होतो. वाचलं तेव्हा माझ्या कपाटातल्या फायली आठवल्या. वीस वर्षं जुन्या, सगळ्या तेवढ्याच जाडीच्या.

यात सोलापूरकरांचा आळस शोधणारे पुष्कळ भेटतात. "तुमच्या लोकांना रिस्कच नको असती." असं म्हणणाऱ्याला मी आमच्या मागांची गोष्ट सांगतो. हे गाव 1877 पासून गिरणीचं गाव. जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. तेलंगणातून आमचे पणजोबा-खापरपणजोबा आले ते मागावर बसायलाच. पुढं दिल्लीनं ठरवलं की गिरण्यांनी माग वाढवायचे नाहीत. हातमाग वाचवायचा होता, हेतू चांगला होता. हातमाग वाचला नाही. गिरणी गोठली आणि मधल्या फटीतून यंत्रमाग उगवला, तोही लहान राहील तोवरच सवलत, म्हणून लहानच. 1985 च्या कायद्यानं 22 प्रकारचं कापड एकट्या हातमागासाठी राखून ठेवलं, नंतर ते 11 वर आलं. 1967 पासून लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी सुरू झाली ती फुगत फुगत आठशेच्या वर गेली. शेवटच्या वीस वस्तू त्यातून 2015 साली निघाल्या. तयार कपडे या यादीत 2000 सालच्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत होते. म्हणजे आमची एक अख्खी पिढी अशी गेली की शर्ट शिवायचा कारखाना मोठा करणं हेच नियमात सहजासहजी बसत नव्हतं. त्याच काळात बांगलादेशानं एकेका छपराखाली हजार-दोन हजार बाया बसवल्या. आज तयार कपड्यांची त्यांची निर्यात आपल्या दुपटीहून जास्त आहे. कापूस आपला, सूत आपलं, शिवणाऱ्या बाया आपल्याकडं काय कमी होत्या?

या सगळ्यात एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. परवाना मिळवणं अवघड केलं की धंद्यात येतो कोण? ज्याला ताणा-बाणा कळतो तो नाही. ज्याला साहेब कळतो तो. उद्योगांना परवाना सक्तीचा करणाऱ्या 1951 च्या कायद्यापासून 1991 पर्यंत चाळीस वर्षं देशानं अशा माणसांची निवड केली जे अर्जात हुशार होते. त्यांच्याशी स्पर्धा करायला बाहेरचा येऊ शकत नव्हता, मग माल सुधारायची घाई कुणाला? अडथळ्याचं नुकसान दारात अडकलेल्या माणसापुरतं नसतं. जो आत बसलाय तोही सैलावतो.

माझंही एक दुकान उघडायच्या आधी बंद झालंय. 2011 सालची गोष्ट. मेहुणा कसबी कटर. दोघांनी मिळून बारा जुनी मशिनं घेतली, शेड भाड्यानं घेतलं महिना आठ हजारांनी, बायकोच्या पाटल्या गहाण. ऑक्टोबरात थ्री-फेज जोडणीचा अर्ज केला. ज्यांनी द्यायची त्यांनी आधी एक कागद मागितला, मग तोच कागद वेगळ्या सहीनं, मग म्हणाले शेडच्या मालकाची जुनी थकबाकी आहे. ती भरली. मग माणूस रजेवर. सात महिने! कुणी पैसे मागितले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. कुणी वाईटही वागलं नाही. नुसतं झालं नाही. जोडणी आली मे महिन्यात. गणवेशाचा धंदा ज्याला माहीत आहे तो इथंच कपाळाला हात लावेल. शाळा जूनमध्ये उघडतात, कामं वाटली जातात जानेवारी-फेब्रुवारीत. वर्षाचा हंगाम गेला होता. भाड्याचे 56,000 गेले, व्याज गेलं, मशिनं पडत्या भावात गेली. मेहुणा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेला, तो अजून तिथंच आहे, एका सोसायटीच्या गेटवर. सोलापुरातला एक उत्तम कटर पुण्यात गाड्यांचे नंबर लिहितो. त्याला पगार मिळतो, तोही राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो. जो कारखाना झालाच नाही, तो मात्र कुठंच मोजला जात नाही.

म्हणून पेरू देशातला एक प्रयोग मला फार जवळचा वाटतो. 1983 साली तिथले अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या माणसांनी लिमा शहरात एक छोटा शिलाईचा कारखाना कायदेशीरपणे नोंदवायचा प्रयत्न केला. शिलाईचाच, बघा! नियमानं सगळं करायचं, वशिला नाही. रोज काही तास त्यातच घालवून लागले 289 दिवस आणि खर्च किमान मासिक वेतनाच्या 31 पट. पुढं 2002 साली अर्थतज्ज्ञ सिमिऑन जांकॉव्ह आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 85 देशांत धंदा नोंदवायला लागणारे टप्पे मोजले. कॅनडात दोन, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एकवीस. जिथं टप्पे जास्त तिथं माल चांगला, प्रदूषण कमी, असं काही आढळलं नाही. आढळला तो जास्त भ्रष्टाचार आणि मोठा बिननोंदीचा धंदा.

आणि उत्पन्नाचं काय? लेवॉन बारसेग्यान नावाच्या अर्थतज्ज्ञानं 2008 साली हे गणित मांडलं. धंदा सुरू करण्याचा खर्च त्या देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या 80 टक्क्यांइतक्यानं वाढला, तर एकूण उत्पादकता 22 टक्क्यांनी आणि दर कामगारामागचं उत्पादन 29 टक्क्यांनी घटतं. देशादेशांच्या तुलनेतून काढलेला अंदाज आहे, तो जसाच्या तसा मी सोलापूरला चिकटवणार नाही. पण 29 टक्के म्हणजे शंभर रुपयांतले 29. कुठल्याही एका सरकारी योजनेनं एवढं उत्पन्न वाढवलेलं मी तरी बघितलं नाही.

आता काही जण कॉमेंटमध्ये 'ईज ऑफ डुइंग बिझनेस' काढणार, म्हणून आधीच सांगतो. जागतिक बँकेच्या त्या यादीत आपण 142 वरून 63 वर आलो, मला आनंदच झाला होता. पण ती मोजदाद मुख्यतः मुंबई आणि दिल्लीवरून व्हायची. अशोक चौकात कुणी विचारायला आलं नव्हतं. शिवाय काही देशांच्या आकड्यांत गडबड निघाली म्हणून बँकेनं 2021 साली तो अहवालच बंद केला. सुधारणा मात्र खऱ्या झाल्यात, नाकारणार नाही. जुलै 2020 पासून लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट, ऑनलाइन, आधारवर दहा मिनिटांत. (त्याचेही हजार रुपये घेणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.) 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला शॉप ॲक्टचा परवाना लागेनासा झाला, नुसतं कळवलं की झालं. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहावरून वीस माणसांवर गेली. विम्याची पायरी मात्र दहावरच आहे.

तरीही आमचं गाडं अडतं कुठं, तर आजोबांच्या लाइट बिलावर. हसू नका. जीएसटी नोंदणीला जागेचा पुरावा लागतो. पूर्व भागातली निम्मी घरं आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वारसनोंद झालेली नाही, चार चुलते, त्यातले दोन बोलत नाहीत. मेलेला माणूस संमतिपत्र देऊ शकत नाही आणि जिवंत चुलता देत नाही. पोर्टल कितीही चकाचक करा, हा कागद कुठून आणायचा? श्रीलंकेत अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला होता. लहान धंदेवाल्यांना नोंदणीची माहिती दिली, फी आम्ही भरतो म्हणाले. जवळपास कुणी हललं नाही. वर अर्ध्या ते एक महिन्याच्या नफ्याइतके पैसे देऊ केले तेव्हा पाचातला एक तयार झाला. दोन महिन्यांच्या नफ्याइतके दिले तेव्हा निम्मे. आणि न येणाऱ्यांचं सगळ्यात जास्त आढळलेलं कारण? जागेच्या मालकीचा घोळ. वाचताना वाटलं, हे कोलंबोत बसून आमच्या गल्लीबद्दल लिहितायत की काय.

म्हणून "नियमच काढून टाका" म्हणणाऱ्यांच्या टोळीतही मी नाही. 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ जण गेले, त्यात मालक आणि त्यांच्या घरचीही माणसं होती. ती पहाट आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आगीच्या नियमाला कुणी 'अडथळा' म्हटलं की माझा आवाज चढतो. आणि अम्माला आज महिन्याला हजाराच्या आसपास पेन्शन येते, ती विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधी लागू झाला म्हणून. हजार रुपये म्हणजे काहीच नाही, पण दर महिन्याला बँकेत जाताना ती नवी साडी नेसते. हा कायदा नसता तर कुठल्याही कारखानदारानं ते स्वतःहून दिले नसते. माझ्या अशिलांपैकीही कुणी नाही.

माझं भांडण पायरीशी आहे. नवव्या माणसापर्यंत काही नाही आणि दहाव्याला एकदम सगळं, ही जिन्याची पायरी नाही, कठडा आहे. तिथं उतार करा. पहिल्या माणसापासून थोडं थोडं लागू द्या, आणि ते सरकारनं स्वतःच्या संगणकात मोजावं, अक्कांच्या डोक्यात नव्हे. किंवा दहावा ते विसावा माणूस घेणाऱ्याचा हिस्सा पहिली दोन-तीन वर्षं सरकारनं भरावा. पाटी बदलून लहान राहणाऱ्याला मिळणारी सवलत, वाढणाऱ्याला द्या. दुसरं, वेळ. आपल्याकडं 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, किती दिवसांत काय द्यायचं याचे फलकही लागलेत. मुदत उलटली की अपील करा म्हणतात. अपील करायला ज्याच्याकडं वेळ आहे, तो धंदा कशाला काढेल? मुदतीत उत्तर नाही आलं तर होकार धरावा, आग आणि सुरक्षितता सोडून. माझा मेहुणा या एका ओळीनं सोलापुरात राहिला असता.

आणि वारसनोंदीचं शिबिर लावा राव. मतदार यादीचं लागतं तसं, वॉर्डावॉर्डात, तलाठी-सिटी सर्व्हे सगळे एका मांडवात. उद्योग वाढवायची योजना म्हणून लावा, महसूल खात्याचं काम म्हणून नको. चुलत्यांना समजावायला मी येतो, फुकट. तेवढं तेलुगू आणि तेवढा आवाज आहे माझ्याकडं.

मंगळवारी निघताना अक्कांना हे सगळं अर्धंमुर्धं बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "ते सगळं बराबर आहे सर. पण फेब्रुवारीच्या ऑर्डरीला ते मशीन चालू पायजे. सूनबाईच्या नावानं दुसरी पाटी लावली तर चालंल का?"

चालतं. कागदावर बसतं. परवा तिचं आधार आणि पॅन व्हॉट्सॲपवर आलंय, काल रात्री बसून अर्ज भरला.